भूत दारातच अडकलं, आता घाबरू कसा?

प्रश्न: दादा, सध्या एक सर्व्हायव्हल हॉरर गेम खेळतोय. परवा रात्री हेडफोन लावून बसलेलो, टॉर्चची बॅटरी संपत आलेली, गोळ्या फक्त तीन, आणि मागे ते लांब हातांचं भूत लागलेलं, खरं सांगतो जाम फाटलेली. दार उघडून आत शिरलो, वळून बघतो तर ते चौकटीतच अडकलंय, जागच्या जागी धावतंय आणि एक हात भिंतीतून आरपार! एवढं हसू आलं की भीतीच गेली. शिवाय नवीन खोली आली की गेम अर्धा सेकंद अडकतो, आणि काल तर सेव्ह फाइलच करप्ट, चार तास पाण्यात. स्टोरी भारी आहे म्हणून सोडवत नाही. खेळत राहू की पॅचची, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या अपडेटची, वाट बघू?

उत्तर: चार तास गेले हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला रे. खेळ, पण आधी सेव्हचं बघ. ऑटोसेव्हच्या भरवशावर अजिबात राहू नको, तीन स्लॉट आलटून पालटून वापर आणि सेव्हचं चिन्ह फिरतंय तोवर गेम बंद करायचा नाही. रोज खेळून उठताना सेव्हचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेव, क्लाउड आहे ना म्हणून निवांत बसू नको कारण खराब झालेली फाइलसुद्धा तिकडे इमानदारीत चढते. लाँचरमधून गेमच्या फाइल्सही एकदा व्हेरिफाय करून घे.

अर्धा सेकंद अडकतो ते पीसीवर बहुतेक शेडरमुळे, म्हणजे दृश्य रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे; नवीन दृश्य पहिल्यांदा आलं की ग्राफिक्स कार्डसाठी ते तिथल्या तिथे तयार करावे लागतात, त्याच खोलीत परत गेलास तर बऱ्याचदा अडकत नाही. गेम सुरुवातीला शेडर बनवत बसला तर बसू दे, स्किप मारू नको. तसंही 1996 च्या पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये खोली बदलताना दार सावकाश उघडताना दाखवायचे, मागे लोडिंग चालू असायचं, आणि लोक त्या दारालाच घाबरायचे!

एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, 60 वर लॉक करून बघ. काही गेममध्ये फिजिक्स किंवा डॅमेज फ्रेमरेटला बांधलेलं असतं, 2019 च्या रेसिडेंट ईव्हिल 2 मध्ये पीसीवर फ्रेम वाढले की चाकूचा मार वाढायचा. भुताचं मात्र तुझ्या हातात काही नाही, त्याला वाट शोधून देणारा कोड अरुंद दारात गंडतो. एलियन्स: कलोनियल मरीन्स या 2013 च्या गेमचं तर ऐकून डोकं धरशील, सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' (बांधून ठेवणे) या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जादा पडलेला, तेवढ्याने एलियन बावळटासारखे वागायचे, आणि हे गावभर झालं 2018 मध्ये.

म्हणून भूत अडकलं की मजा बघत उभा राहू नको, आणि फुकटात गोळ्याही घालू नको. मागच्या सेव्हवर जा आणि त्याला नीट धावू दे. यात चीटिंग वगैरे काही नाही. सेव्ह परत उडाली तर मात्र पॅच येईपर्यंत गेम बाजूला ठेव, उगाच स्टोरीची चव घालवू नको.

माझं उलटंच झालेलं. एका गेममध्ये तळघरात शिरलो आणि सगळा आवाज बंद, फक्त माझ्या पावलांचा येतोय. मला वाटलं मुद्दाम केलंय, वीस मिनिटं भिंतीला चिकटून सरकत होतो. नंतर पॅच आला तेव्हा कळलं, तिथे म्युझिक वाजायला हवं होतं. ऐकलं मी ते, काही खास नाहीये.