नारळ कोणाचा, हे आधी विचारावे

प्रश्न : माझी मुलगी ह्यूस्टनला असते. येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिच्याकडे जाणार असून तिने तेथून पुढे पनामातील सॅन ब्लास बेटांवर, तेथील आदिवासींच्या झोपडीत दोन रात्री राहण्याचा बेत आखला आहे. माझे वय 63 आणि यजमानांचे 67. त्यांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात आणि आम्ही शाकाहारी आहोत. गैरसोयीची आम्हाला फारशी भीती नाही. पण कोणाचे दारिद्र्य पैसे देऊन पाहायला जाणे मनाला पटत नाही. जावे की जाऊ नये?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटची शंका सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिचे उत्तर देते. ज्यांना आपण सॅन ब्लास म्हणता, त्या प्रदेशाचे आजचे अधिकृत नाव गुना याला, म्हणजे गुना लोकांची भूमी. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत पसरलेल्या या साडेतीनशेहून अधिक बेटांपैकी सुमारे 50 बेटांवरच वस्ती आहे. तेथील जमीन बाहेरच्या माणसाला विकत घेता येत नाही, हॉटेल बांधता येत नाही, आणि पर्यटनाचे नियम गुनांची स्वतःची महासभा ठरवते. 1970 च्या दशकात पनामा सरकारने तेथे मोठ्या हॉटेलची योजना आणली होती, ती गुनांनी होऊ दिली नाही. पुढे 1996 मध्ये त्यांनी पर्यटनाचा व्यवसाय गुनांच्याच हाती राहील असा नियम लिखित स्वरूपात केला. त्यामुळे आपण ज्या झोपडीत राहाल ती कुडाची असली, तरी तिचा मालक आणि भाड्याचा हिशेब ठेवणारा माणूस तेथलाच असतो. मला तरी हे दारिद्र्याचे प्रदर्शन वाटले नाही. आपल्या घरात कोणाला घ्यायचे आणि कोणत्या अटींवर, हे ठरवण्याचा हक्क या लोकांनी भांडून मिळवलेला आहे.

भांडून हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पनामाच्या पोलिसांनी गुना स्त्रियांचा पारंपरिक वेश आणि नाकातील सोन्याची वाळी बंद पाडण्यासाठी बळजबरी सुरू केली. फेब्रुवारी 1925 मध्ये नेले कांतुले आणि सिमराल कोलमन यांच्या नेतृत्वाखाली गुनांनी उठाव केला आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने तह झाला. नथ उतरवायला लावली म्हणून पेटलेले बंड महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्या उठावाच्या झेंड्यावर स्वस्तिक आहे. तो पाहून आपण चमकाल, पण त्याचा आपल्या स्वस्तिकाशी संबंध नाही. जग निर्माण करणाऱ्या अष्टपादाची, म्हणजे ऑक्टोपसची, ती खूण आहे, असे तेथे सांगतात.

आता मुक्कामाविषयी. बहुतेक पर्यटकांच्या झोपड्या ज्या चिमुकल्या बेटांवर असतात, तेथे गुनांचे गाव नसतेच. एखाददुसरे कुटुंब पाळीपाळीने येऊन ते बेट सांभाळते. पांढरी वाळू, नारळाची झाडे, चोहीकडे पाणी आणि चार झोपड्या, एवढाच तो संसार. गावे असतात ती बेटे वेगळी. तेथे घराला घर चिकटलेले असते, वाळूचा किनारा जवळजवळ नसतो आणि पहाटे पुरुष एकाच लाकडातून कोरलेल्या होड्यांतून, ज्यांना ते उलू म्हणतात, समोरच्या मुख्य भूमीवर शेतीला निघतात. संध्याकाळी सभागृहात गावचा सायला, म्हणजे प्रमुख, झुल्यात पहुडून पूर्वजांच्या कथा गाऊन सांगतो आणि आर्गार हा दुसरा अधिकारी त्या गाण्याचा अर्थ लोकांना उलगडून देतो. आपल्याला समाजात राहायचे असेल, तर मुलीला स्पष्ट सांगावे की दोन रात्रींपैकी एक गावाच्या बेटावर हवी. जाहिरातींतील छायाचित्रे नेहमी पहिल्या प्रकारच्या बेटांची असतात आणि अनेकांचा हिरमोड होतो तो याच कारणाने.

झोपडीला रानवेताच्या भिंती आणि झावळ्यांचे छप्पर असते. जमीन बहुधा वाळूचीच. सूर्यास्तानंतर काही तास सौरऊर्जेवर किंवा जनरेटरवर दिवा चालतो. स्नानगृह आणि शौचालय सामाईक असते. गोडे पाणी मोजकेच असल्यामुळे स्नान तांब्या-बादलीने करावे लागते, जे आपल्या पिढीला मुळीच अवघड नाही. अवघड जाते ते शॉवरवर वाढलेल्या आपल्या मुलांना. पिण्याचे पाणी शहरातूनच मोठ्या बाटल्यांत भरून न्यावे. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यावरचे मलम बरोबर असू द्यावे.

पनामा सिटीहून पहाटे पाचच्या सुमारास निघणारी जीप डोंगर ओलांडून सुमारे अडीच-तीन तासांत कार्ती या धक्क्यावर पोहोचते. रस्ता पक्का असला तरी चढउतार आणि वळणे इतकी की पोटात ढवळते. आंबोली घाटात मळमळणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावे. गुना हद्दीच्या नाक्यावर मूळ पारपत्र दाखवावे लागते आणि परदेशी माणसाकडून सुमारे 20 डॉलर प्रवेशशुल्क घेतले जाते. धक्क्यावरचे शुल्क त्याहून वेगळे. पुढे उघड्या मोटारबोटीने जायचे असते. फेब्रुवारी हा कोरडा हंगाम, पण याच महिन्यांत व्यापारी वारे जोरात वाहतात आणि बोट लाटांवर आपटते. यजमानांना पाठदुखी असेल तर त्यांनी मागच्या बाजूस, इंजिनाजवळ बसावे आणि सामान प्लास्टिकमध्ये घट्ट बांधावे. सगळा व्यवहार रोख डॉलरने होतो. पर्यटकांच्या बेटांवर एटीएम नाही.

जेवणात मासा, भात आणि तळलेली कच्ची केळी. नारळाच्या दुधात केळी आणि मासा शिजवून केलेला त्यांचा तुले मासी हा रस्सा कोकणी माणसाला परका वाटणार नाही, पण तो आपल्या उपयोगाचा नाही. शाकाहारी असल्याचे आगाऊ कळवल्यास भात, घेवड्याच्या बिया, केळी आणि अंडी चालत असल्यास अंडी मिळतात. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. त्या बेटांवर भाजी पिकत नाही. जे येते ते होडीतून येते. पाकीटबंद मेतकूट जवळ असले की गरम भाताची काळजी मिटते.

इन्सुलिनसाठी शीतकपाट गृहीत धरू नये. बेटांवर मासे आणि पेये ठेवायला बर्फाची पेटी असते, पण कुपी थेट बर्फाला टेकली तर औषध गोठून निकामी होते. वापरात असलेली कुपी दोन दिवस बाहेर कशी ठेवायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बेटावर रुग्णालय नाही आणि रात्री बोट मिळेलच असे नाही. यजमानांची साखर अलीकडे वरखाली होत असेल, तर मी एका रात्रीवरच थांबेन.

पीतज्वराच्या लसीचा विचार मात्र आताच करावा. पनामातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवता येते. आपण ह्यूस्टनला परतून काही आठवडे राहणार असाल तर हा नियम आड येणार नाही. मात्र केवळ नियमाकडे पाहून भागत नाही, कारण मुख्य भूमीचा तो भाग जोखमीच्या क्षेत्रात मोडतो. दुसरीकडे साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून लस घ्यायची की टाळायची, हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसूनच करावा. घ्यायची ठरल्यास प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

आणि आपण जावे, असे मला वाटते. पाहुण्याने पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. तेथील प्रत्येक नारळाच्या झाडाला धनी असतो, त्यामुळे खाली पडलेला नारळही विचारल्याशिवाय उचलू नये; नारळ हे या लोकांचे दीर्घकाळचे नगदी उत्पन्न असून कोलंबियाच्या व्यापारी बोटी तो घेऊन जातात. माणसांचे छायाचित्र विचारून काढावे आणि डॉलर मागितला तर कुरकुर करू नये. गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरू नये. पाण्याखाली सिलिंडर लावून बुडी मारण्यास गुनांनी बंदी घातली आहे. नळी लावून पोहता येते.

प्रश्न : अंदमानात आदिवासींकडे असा मुक्काम का करता येत नाही? तो तर आपलाच देश आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जारवा, सेंटिनली यांसारख्या समाजांच्या क्षेत्रात शिरणे 1956 च्या संरक्षण नियमावलीनुसार गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असला पाहिजे. साध्या सर्दी-गोवराशीही लढण्याची ताकद अशा लहान, अलिप्त समाजात नसते. शिवाय सेंटिनली लोकांनी आपला नकार पुरेसा स्पष्टपणे कळवलेला आहे. गुनांनी बोलावले आहे, त्यांनी बोलावलेले नाही.

प्रश्न : गुनांची बेटे बुडणार असे वाचले. खरे आहे का? आणि तेथील मोला खरेदी करताना काय पाहावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक बेटे समुद्रपातळीहून जेमतेम हातभर उंच आहेत. गार्दी सुगदुब या दाटीच्या बेटावरील सुमारे 300 कुटुंबांसाठी मुख्य भूमीवर नवी वसाहत बांधण्यात आली आणि जून 2024 मध्ये स्थलांतर सुरू झाले. वाढत्या पाण्याबरोबरच जागेची टंचाई हेही त्यामागचे कारण होते. काही कुटुंबे अजूनही बेट सोडायला तयार नाहीत.

मोला म्हणजे गुना स्त्रियांच्या चोळीचा पुढचा आणि मागचा नक्षीदार भाग. आपल्या गोधडीत तुकडे वर लावतात. येथे कापडाचे दोन-चार थर एकावर एक ठेवून वरचे थर कापतात, म्हणजे खालचा रंग दिसू लागतो, आणि कापलेली कड आत दुमडून शिवतात. थर किती आहेत, रेघा किती बारीक आहेत आणि टाके दिसतात की लपले आहेत, एवढे पाहावे. बाजूंना शिवण उसवल्याच्या खुणा असतील तर कापड खोटे समजू नये. तो मोला बहुधा कोणीतरी अंगावर वापरलेला असतो, आणि मी तरी तसाच निवडते.