आंबट पाणी, कोबा आणि सिलिका

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमचा चक्का आणि श्रीखंड तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. चक्का टांगतो त्या जागेखालचा सिमेंटचा कोबा दोन वर्षांतच खडबडीत झाला आणि आता वाळू सुटून येते. गवंडी म्हणतात, सिमेंट वाढवून पुन्हा कोबा करू. दुकानदार मायक्रोसिलिका घालायला सांगतात. वाळू हीदेखील सिलिकाच असते, मग ही वेगळी सिलिका कशासाठी? आणि ती घातल्यास कोबा टिकेल का?

उत्तर : नुसते सिमेंट वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. सिमेंटचा पाण्याशी संयोग झाला की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्याच्यामुळे मसाला घट्ट होतो, आणि दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना. ताकदीत या चुन्याचा वाटा फारसा नसतो, पण आम्लात तोच सर्वांत आधी विरघळतो. चक्क्यातून गळणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेचारच्या आसपास असतो. त्यातील लॅक्टिक आम्लाने चुन्याचे कॅल्शियम लॅक्टेट होते, ते धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते, रिकाम्या झालेल्या छिद्रांतून आम्ल आणखी आत शिरते आणि अखेरीस वाळूच्या कणांना धरून ठेवणारे काही उरत नाही. तुमच्या कोब्याचे नेमके हेच झाले आहे. सिमेंट वाढवले की चुनाही वाढतो, शिवाय मसाला आकसून भेगा पडण्याची शक्यताही वाढते.

वाळूबद्दलची तुमची शंका रास्त आहे. वाळूतील सिलिका स्फटिकरूप असते आणि तिचे कण मोठे असतात, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला ती चुन्याशी संयोग पावत नाही. मायक्रोसिलिका हे सिलिकॉन व फेरोसिलिकॉनच्या विद्युतभट्टीच्या धुरातून गोळा केलेले अस्फटिक सिलिकेचे चूर्ण असते आणि तिचा कण सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट बारीक असतो. ती चुन्याशी संयोग पावून त्याचे पुन्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट बनवते आणि कणांमधल्या फटीही बुजवते. जुन्या बांधकामांत चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घालत, त्यामागेही हेच रसायन होते.

प्रमाण सांगायचे तर 46 किलो सिमेंटला 4 किलो मायक्रोसिलिका पुरेशी आहे. ती आयएस 15388 या मानकाची असावी. त्यानुसार तिच्यात किमान 85 टक्के सिलिका लागते. खरी गफलत होते ती कालवताना. पोत्यातली मायक्रोसिलिका बहुधा दाबून गोळीदार केलेली असते. फावड्याने घमेल्यात किंवा जमिनीवर कालवली तर त्या गोळ्या फुटत नाहीत, आणि न फुटलेली गोळी म्हणजे कोब्यात राहिलेला कच्चा ठिपका. म्हणून यंत्रातच, भरपूर वेळ मिसळावे. हे चूर्ण पाणी फार मागते, आणि गवंडी हमखास वरून तांब्याभर पाणी ओततात. तसे झाले तर सगळा खर्च वाया जातो. पाणी सिमेंट आणि सिलिका यांच्या एकत्रित वजनाच्या 40 टक्क्यांपर्यंतच ठेवावे आणि मसाला सैल करण्यासाठी सुपरप्लास्टिसायझर वापरावे. असा कोबा वर पाणी सोडत नाही, त्यामुळे पृष्ठभाग झपाट्याने वाळून तडकतो. फिनिशिंग होताच प्लास्टिकचा कागद अंथरावा, नंतर ओली गोणपाटे टाकून किमान 10 दिवस, उन्हाळ्यात 14 दिवस, ओलावा टिकवावा.

आता टिकाऊपणाविषयी. झीज मंदावेल, पण थांबणार नाही. पोर्टलंड सिमेंटपासून, म्हणजे नेहमीच्या सिमेंटपासून, केलेला कोणताही मसाला, त्यात कितीही सिलिका घातली तरी, आम्लरोधक होत नाही. सल्फेटयुक्त माती किंवा खारे पाणी असते तर मायक्रोसिलिकेबद्दल मी अधिक खात्रीने बोललो असतो, कारण तेथे क्षार आत शिरू न देणे हेच मुख्य काम असते. अर्थात मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तेथेही तिचा उपयोग मर्यादित राहतो. तुमच्याकडे टांगणीखालच्या पट्ट्यात या कोब्यावर एपॉक्सीचा थर द्यावा किंवा एपॉक्सीच्या सांध्यांची आम्लरोधक टाइल बसवावी, आणि नालीकडे चांगला उतार ठेवावा. स्वस्त म्हणून शहाबादी फरशी मात्र बसवू नये. ती चुनखडीचा दगड आहे आणि आंबट पाण्याने कोब्यासारखीच खाल्ली जाईल.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील आमच्या भातगिरणीत कोंड्याची राख ढिगाने पडते. ती मायक्रोसिलिकेऐवजी चालेल का?

उत्तर : कोंड्याच्या राखेत सिलिका भरपूर असते, पण ती कशी जळली यावर सारे अवलंबून आहे. साधारण 500 ते 700 अंश सेल्सिअसला, नियंत्रित रीतीने जाळलेल्या राखेत ती अस्फटिक राहते. जास्त तापली की स्फटिकरूप होते आणि वाळूइतकीच निष्क्रिय ठरते. बॉयलरखालची काळी राख अर्धवट जळालेली असते, आणि तिच्यातील कार्बन पाणी व सुपरप्लास्टिसायझर दोन्ही शोषून घेतो. करड्या-पांढऱ्या राखेचा नमुना बारीक दळून आयएस 1727 प्रमाणे चुन्याशी होणारी तिची क्रियाशीलता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. तो आकडा हाती येईपर्यंत ती टाकीच्या किंवा नालीच्या कामात घालू नये.