वय वाढलं तरी गाणं टिकतं कसं?

प्रश्न : सत्तरीनंतर आवाज थकतो. तरी काही बुजुर्गांच्या गाण्याचा कस उतरत नाही. असं कसं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : माझ्या शिकवणीत येणाऱ्या आजोबांना मी पेटीच्या काळी दोन पट्टीवरून पांढरी दोनवर, म्हणजे थोड्या खालच्या सुरात, यायला सांगते, तर त्यांना कमीपणा वाटतो. अहो, पट्टी उतरली तरी राग तोच! तान मंदावली तर बढतीला, म्हणजे राग सावकाश उलगडण्याला, जास्त वेळ द्या. तिथे गळ्याइतकाच विचार गातो. आणि खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुरांचा, रियाज सोडू नका, अगदी एक दिवससुद्धा.

थांबणं कधी, हेही कळावं लागतं. आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांनी १९६०च्या दशकात जाहीर मैफली स्वतःहून बंद केल्या. १९६९मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सत्तरीच्या गायकाकडे सुसाट तानांची फर्माईश करणाऱ्या रसिकांचा मात्र मला खरोखर राग येतो.