त्रुटी, चूक की पासंग?

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या राजारामपुरीतल्या एका मॅडमचा प्रश्न आहे: मोजमापातल्या 'एरर'ला पुस्तक 'त्रुटी' म्हणतं, मुलं सरळ 'चूक' म्हणतात. मग 2011 साली न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगवान निघाले म्हणून जाहीर झालं, ती त्रुटी होती की चूक?

'त्रुटी' म्हटलं की आपल्याला कचेरीतलं 'त्रुटींची पूर्तता करा' आठवतं, म्हणजे अर्जात काहीतरी राहिलंय. मोजमापातली त्रुटी अशी भरून निघत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे 730 किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) लवकर पोचले, असं तिथल्या ऑपेरा नावाच्या संशोधक गटाने जाहीर केलं. सोबत दहाएक नॅनोसेकंदांचं अधिकउणंही दिलं होतं. ते अधिकउणं म्हणजे त्रुटी. ती सांगण्यात कमीपणा नाही, उलट न सांगितलेला आकडा कुणी विचारात घेत नाही.

चूक निराळी. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळाला पोचवणारी ऑप्टिकल फायबरची केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. प्रकाश कमी पोचायचा, त्यामुळे वेळेचा इशारा सत्तरएक नॅनोसेकंद उशिरा लागायचा. घड्याळ मागे, म्हणून न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसले. (दुसरा एक दोष घड्याळाला ठेका देणाऱ्या ऑसिलेटरमध्ये होता, त्याचा परिणाम उलट दिशेने होता.) फेब्रुवारी 2012 मध्ये हे बाहेर आलं.

पण त्या चुकीने आकड्याचं जे केलं, त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पासंग. तराजूच्या दोन पारड्यांतला मूळचाच फरक. पासंग असलेल्या काट्यावर गुळाचे शंभर रवे तोला, शंभरही वेळा वजन त्याच बाजूला झुकणार. सरासरी काढून हाताची थरथर जाते, पासंग जात नाही. पुस्तकातल्या 'सिस्टिमॅटिक एरर'ला मी तरी वर्गात बिनदिक्कत पासंग म्हणेन. 'पासंगालाही पुरणार नाही' हे मुलांच्या कानावरून गेलेलं असतंच, अर्थ मात्र कुणी दाखवलेला नसतो.

पासंग सापडतो तो काटा बदलल्यावर. ऑपेराने तीन वर्षांत 15,000 हून जास्त न्यूट्रिनो मोजले होते. त्याच भूमिगत प्रयोगशाळेतल्या इकॅरस गटाने मार्च 2012 मध्ये आपल्या वेगळ्या यंत्रणेवरचे अवघे 7 न्यूट्रिनो मांडले, आणि ते प्रकाशाच्याच वेगाने आलेले होते.