वय ४९, मराठीची शिक्षिका, वर्गात डिजिटल पॅनेल आलंय आणि भीती वाटते. मला जमेल का?

मॅडम, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपेपर्यंत डोक्यात घोळत राहिला. कोकणातल्या अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवता. जूनमध्ये वर्गात मोठं टच पॅनेल बसलं, आणि त्या वर्गावर तास असला की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. नव्या सरांचा हात त्यावर सराईतासारखा फिरतो, मुलं त्यांच्या तासाची वाट बघतात, आणि निवृत्तीला नऊ वर्षं उरली असताना आपण हे शिकावं का, असं तुम्ही विचारलंय.

मीही मराठीच शिकवते. साताऱ्यातल्या माण तालुक्यात, एका हायस्कूलमध्ये. वय ५४. जमतं, हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही; मला जमलं म्हणून सांगते. पण त्याआधी माझ्या हातून काय झालं ते सांगायला हवं.

२०१७ साली आमच्या शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. गावच्या यात्रा कमिटीने पैसे दिले होते, त्यामुळे तो वापरलाच पाहिजे असं सगळ्यांना वाटायचं. नववीचा तास होता. मी घरी लेकीकडून सगळं समजून घेतलं होतं, पेन ड्राइव्हमध्ये चित्रं घेतली होती. वर्गात वायर जोडली आणि भिंतीवर निळा चौकोन आला, त्यात ‘नो सिग्नल’. वायर काढली, परत घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला. चाळीस मुलं गप्प बसून माझ्याकडे बघत होती. गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं, ती शांतता मला सोसवेना. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, म्हणाली, “बाई, सोर्स दाबायचं असतं.” तिने रिमोटवरचं एक बटण दोनदा दाबलं आणि चित्र आलं. घरच्या टीव्हीला केबलचा डबा लावला की ती रोज तेच करत होती.

मी तिला “बस खाली” म्हणाले. तेही जरा आवाज चढवून.

पुढचं दीड वर्ष मी त्या प्रोजेक्टरला हात लावला नाही. ती मुलगी दहावी होऊन गेली. तिला ‘शाबास’ म्हणायचं राहूनच गेलं, आणि ते मला अजून लागतं. हे लांबण लावून सांगण्याचं कारण एवढंच, की मला यंत्र येत नव्हतं हे दुःख फार लहान होतं. मुलांपुढे आपण न येणारी ठरलो, हे दुःख मोठं होतं. वीस-पंचवीस वर्षं आपण वर्गात ‘येणारी बाई’ म्हणून उभ्या राहिलेलो असतो. तुमचा पोटातला गोळा बहुतेक याचाच आहे.

दुसरं कारण मला खूप उशिरा कळलं. आपल्या पिढीच्या शिक्षकांची या यंत्राशी ओळख झाली ती शिकवण्यासाठी नव्हेच. आधी आली एमएस-सीआयटी, ती परीक्षा म्हणून आणि वेतनवाढीच्या धास्तीने. मग २०१५ पासून सरल, म्हणजे शाळेची नि मुलांची माहिती ऑनलाइन भरायची सरकारी प्रणाली. मग तशीच यू-डायस, आधार जुळवणी, नावातली वेलांटी चुकली म्हणून परत भरायची माहिती. दिवसा साइट उघडायची नाही म्हणून रात्री एक-एक वाजता बसून आपण एकेका मुलाची जन्मतारीख भरली आहे. ‘आज संध्याकाळी पाचपर्यंत लिंक भरा, न भरल्यास जबाबदारी आपली’ असे मेसेज वाचून वाचून संगणक म्हटलं की छातीत धडधडणारच. ही भीती ऑफिसातली आहे आणि ती आपण वर्गात घेऊन येतो. पॅनेलवर कविता दाखवताना तारीख चुकली म्हणून कुणी नोटीस काढत नाही. तिथे चूक झाली तर पुसता येते. मला हा फरक मनात पक्का करायला वेळ लागला, पण तो झाल्यावर निम्मं ओझं उतरलं.

करोनाच्या काळात, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ चालू होतं तेव्हा, शिकणं भागच होतं. पण त्या दोन वर्षांबद्दल मला फारसं चांगलं सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे निम्म्या घरांत एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर रानात. ज्यांच्यापर्यंत मी पोचू शकले नाही त्यांचे चेहरे मला जास्त आठवतात.

खरं शिकले ते त्यानंतर, आमच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून. त्यांना मी पहिल्याच दिवशी एक अट घातली: “सर, तुम्ही फक्त तोंडाने सांगायचं, माउसला हात लावायचा नाही.” मॅडम, हे एवढं तरी माझं ऐका. घरात मुलं, शाळेत तरुण सहकारी, सगळे प्रेमाने मदत करतात आणि आपल्या हातातून माउस काढून घेतात. टक टक टक, “झालं बघा.” आपण मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. प्रशिक्षणांतही हेच होतं. पडद्यावर बाण पळत असतो, ‘समजलं का?’ विचारलं की हॉलभर ‘हो’ होतं. तुमचं बोट लागेपर्यंत ते तुम्हाला आलेलं नाही.

आणि लिहून ठेवा. टाचण वहीच्या मागच्या पानांवर मी आमच्या शाळेतल्या पॅनेलसाठी माझ्या भाषेत लिहिलं होतं: आधी भिंतीवरचं बटण, मग यूपीएस, टूं असा आवाज येईपर्यंत थांबायचं, मग पॅनेलच्या खाली उजवीकडचं गोल बटण, हिरवा दिवा. छापील माहितीपुस्तक उघडूनही पाहिलं नाही मी. त्या दोन पानांवर महिनाभर तास घेतले, पुढे वही उघडायची गरज पडली नाही.

पॅनेल म्हणजे मोठा मोबाइलच समजा. व्हॉट्सअप वापरता म्हणजे बोटाने सरकवणं, चिमटीने मोठं करणं तुम्हाला येतंच आहे. सगळं शिकायला जाऊ नका. मराठीच्या तासाला काय उपयोगी पडेल तेवढंच घ्या. मी सुरुवात वहीच्या फोटोपासून केली. एखाद्या मुलाच्या निबंधातल्या परिच्छेदाचा त्याला विचारून फोटो काढायचा, नाव झाकायचं, आणि पॅनेलवर मोठा करून लावायचा. मग सगळ्या वर्गाने मिळून तो तपासायचा. एक जण येऊन ‘आणी’चं ‘आणि’ करतो, दुसरी म्हणते इथे पूर्णविराम हवा, तिसरा म्हणतो हे वाक्य आधी घेतलं तर बरं वाटेल. पूर्वी मी लाल पेनने तेच करत होते, पण वही परत मिळाल्यावर मुलं फक्त शेरा बघायची. आता ती वाक्य बघतात. निबंध ज्याचा असतो तो बहुतेक वेळा शेवटी स्वतःच उठून सांगतो, की हा माझा.

पण माझा जीव खरा रमला तो शब्दकोशात. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने शब्दकोश इंटरनेटवर मोफत ठेवलेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही आहे. देवनागरीत शब्द टाकला की नोंद समोर. हे खंड मी कॉलेजच्या ग्रंथालयात लांबून पाहिले होते, कपाटाला कुलूप असायचं.

आमच्याकडे मेंढपाळांची मुलं बरीच. वर्गात ती कमी बोलतात, कारण त्यांच्या बोलण्याला पूर्वी कुणी ना कुणी हसलेलं असतं. एकदा आठवीला सांगितलं, घरातला असा एक शब्द आणा जो पुस्तकात नसेल. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “वाघर.” दोघं-तिघं हसले. मी विचारलं, वाघर म्हणजे काय रे? म्हणाला, रात्री मेंढरांभोवती लावत्यात ते जाळं. मी पॅनेलवर शोधायला लागले. सापडला ‘वाघूर’, अर्थ जाळं, शिकारीचं. आणि मूळ संस्कृत ‘वागुरा’. त्याला मी पुढे बोलावलं आणि तो शब्द बोटाने मोठा करायला सांगितलं. त्याने चिमटी अशी ताणली की पॅनेलभर फक्त तो एक शब्द उरला. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, हात खाली न घेता. मागून कुणीतरी म्हणालं, “आयला, ह्यांचा शब्द संस्कृत हाय.” मी त्या भाषेबद्दल कुणाला रागावले नाही.

दुसऱ्या दिवसापासून शब्दांचा पाऊस पडला. कासरा, वळचण, आढं, औंदा, शिवळ. काही सापडले, काही नाही सापडले. न सापडलेल्या शब्दांची मुलांनीच वही केली आहे, अर्थ आज्जीला विचारून लिहितात. मॅडम, हे खडू-फळ्यावर मला करता आलं नसतं. म्हणून सांगते, नऊ वर्षं थोडी नाहीत. नऊ वर्षांत नऊ दहाव्या तुमच्या हाताखालून जातील.

टायपिंगचीही भीती असेल. जुन्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. आता सगळं युनिकोडमध्येच करा, ते कुठेही उघडतं. मी मोबाइलवर बोलून टाइप करते आणि मग दुरुस्त करते. न-ण, ल-ळ मध्ये चुका होतात, विरामचिन्हं आपल्यालाच घालावी लागतात. पण चुका शोधायच्या कामात आपल्यापेक्षा तरबेज कोण आहे? मराठी विश्वकोशाचे खंडही संकेतस्थळावर मोफत आहेत आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने उघडतात, पण आधी घरी बघून मगच वर्गात लावा. काही फार चांगले आहेत, काहींनी तास नुसता निघून जातो.

एआयबद्दलही विचारलंय तुम्ही. मी एका अ‍ॅपकडून रसग्रहण लिहून घेऊन पाहिलं. भाषा गुळगुळीत होती, कवी मात्र चुकीचा दिला होता. सरावासाठी वाक्यं तयार करून घ्यायला ठीक आहे, पण एकेक ओळ तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका.

नव्या सरांशी तुलनेचं लिहिताना तुमची लेखणी अडखळलेली दिसली. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा मला खूप अभिमान वाटला, आपल्या जिल्हा परिषद शाळेतला माणूस! आणि त्याच रात्री असंही वाटलं, की आता सगळ्यांना असंच व्हावं लागणार. तसं कुणी मागितलेलं नव्हतं. त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली, ते मात्र मी प्रत्येक वर्गाला सांगते. तुमच्या सरांनाही तुमच्याकडून घेण्यासारखं आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांना मी परिपाठासाठी बोलायला शिकवलं. ते आधी कागदावरून वाचायचे. देवघेव चालू राहिली की लाज राहत नाही.

एक काळजी मात्र मी सोडलेली नाही आणि तुम्हीही सोडू नका. पॅनेल आलं की पस्तीस मिनिटं व्हिडिओ लावून मागे वह्या तपासत बसणारे वर्ग मी पाहिलेत. मुलं खूश दिसतात, पण तोंड कुणी उघडत नाही. भाषेच्या तासाला मुलं बोलली नाहीत तर तो तास कसला? पाच मिनिटांपेक्षा जास्त मी काही लावत नाही. आणि वीज जाते, त्यामुळे तोच धडा खडूनेही घेता येईल एवढी तयारी ठेवतेच.

पॅनेल अडलं तर काय, याची धास्ती सगळ्यात मोठी ना? मी आता वर्ष सुरू होतानाच वर्गाला सांगते, मला यातलं सगळं येत नाही, अडलं की तुम्ही यायचं. दरवर्षी दोन मुलं नेमते. त्यात एक तरी अशी असते जी एरवी हात वर करत नाही. ती उठून बटण दाबते, आणि मी तिला मोठ्याने ‘शाबास’ म्हणते.

उद्या शनिवार, शाळा लवकर सुटेल. मुलं गेल्यावर अर्धा तास थांबा, पॅनेल स्वतःच्या हाताने चालू करा, पायऱ्या वहीत लिहा आणि बंद करा. बस्स, तेवढंच. पुढच्या आठवड्यात एकच शब्द शोधा. तुमच्याकडे पावसात छपरावरून गळणाऱ्या धारांना पागोळ्या म्हणतात ना? ‘पागोळी’पासून सुरुवात करा, आणि तुमच्या मुलांनी घरून कोणता शब्द आणला ते मला कळवा. आमच्या वहीत कोकणाचं पान अजून कोरं आहे.