वाचनालयातील सामायिक संगणकावर वाचकांना ठरावीक प्रोग्रामच उघडता यावेत, यासाठी काय करावे?

आपल्या गावच्या वाचनालयात वाचक आणि ग्रंथपाल मिळून विंडोज ११ प्रो असलेला एकच संगणक वापरतात. वाचकांना त्यावर ब्राउझर, लिबरऑफिस आणि पीडीएफ वाचण्याचा प्रोग्राम एवढेच उघडता यावे, सभासदांच्या नोंदींचा व वर्गणीचा प्रोग्राम त्यांना उघडता येऊ नये आणि पेनड्राइव्हवरून आणलेले खेळ चालू नयेत, यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. शाळा आणि वाचनालये यांच्या संगणकांची देखभाल करणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम, कोणकोणते प्रोग्राम बंद करायचे याची यादी करायला बसू नका. अशी यादी कधीच पूर्ण होत नाही, कारण उद्या कोणता नवा खेळ पेनड्राइव्हवरून येईल हे आज सांगता येत नाही. त्याऐवजी काय चालू द्यायचे ते ठरवावे आणि बाकी सगळे आपोआप बंद राहील अशी मांडणी करावी. संगणक-सुरक्षेचे तत्त्व म्हणून जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच हे मांडले होते: प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारलेला असावा, मनाईवर नव्हे. आपल्या संगणकापुरता त्याचा अर्थ असा की, वाचकाला जेथे फाइल ठेवता येते तेथून कोणताही प्रोग्राम सुरू होऊ नये आणि जेथून प्रोग्राम सुरू होतात तेथे वाचकाला काहीही ठेवता येऊ नये. पुढची सगळी व्यवस्था या एका वाक्यासाठी आहे.

यासाठी संगणकावर किमान तीन खाती हवीत. एक ॲडमिनिस्ट्रेटर खाते, जे फक्त देखभालीसाठी वापरायचे. दुसरे ग्रंथपालांचे आणि तिसरे वाचकांचे, आणि ही दोन्ही ‘स्टँडर्ड यूजर’ प्रकारची. विंडोज नव्याने बसवताना पहिले तयार होणारे खाते ॲडमिनिस्ट्रेटर असते आणि पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे सर्वजण त्याच खात्यात काम करत राहतात. तसे असेल तर पुढचा कोणताही उपाय लागू पडणार नाही, कारण ॲडमिनिस्ट्रेटरला प्रत्येक बंधन स्वतःच काढून टाकता येते. स्टँडर्ड खात्यातून ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये काही लिहिता येत नाही, त्यामुळे सर्वांसाठीचे प्रोग्राम बसवणे, काढणे किंवा बदलणे एवढ्यानेच थांबते.

मात्र एवढ्याने खेळ थांबत नाहीत. स्टँडर्ड खात्यातील वाचकाला स्वतःच्या डेस्कटॉपवर, ‘डाउनलोड्स’मध्ये आणि ‘ॲपडेटा’ या एरवी लपलेल्या फोल्डरमध्ये फाइल ठेवण्याची मुभा असते आणि तेथून ती चालवताही येते. कित्येक प्रोग्राम याचाच आधार घेऊन पासवर्ड न विचारता ‘ॲपडेटा’मध्ये बसतात. पेनड्राइव्हवरचा खेळ तर बसवावाही लागत नाही. त्याच्या फाइलवर दोनदा क्लिक केले की तो सुरू होतो.

हे थांबवण्यासाठी ‘ॲपलॉकर’ ही सोय वापरावी. ती २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आली आणि नंतर बराच काळ मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्त्यांमध्येच तिचे नियम प्रत्यक्ष लागू होत असत. आता अद्ययावत केलेल्या विंडोज १० आणि ११ मध्ये आवृत्तीची ती अट राहिलेली नाही. प्रो आवृत्तीत ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडून ‘ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज’ आणि त्याखाली ‘ॲपलॉकर’ असे गेले की नियमांचे गट दिसतात. त्यांपैकी ‘एक्झिक्युटेबल’ म्हणजे नेहमीचे प्रोग्राम, ‘विंडोज इन्स्टॉलर’, ‘स्क्रिप्ट’ आणि ‘पॅकेज्ड ॲप’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या धर्तीची ॲप्स, या प्रत्येकावर उजवे क्लिक करून ‘क्रिएट डिफॉल्ट रूल्स’ निवडावे.

‘एक्झिक्युटेबल’ गटात त्यामुळे तीन नियम तयार होतात. ‘प्रोग्राम फाइल्स’मधील सर्व काही सर्वांना चालवता येईल, ‘विंडोज’ फोल्डरमधील सर्व काही सर्वांना चालवता येईल आणि ॲडमिनिस्ट्रेटरला कोठूनही काहीही चालवता येईल. या तिन्हींत न बसणारे सर्व काही आपोआप बंद होते, म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड्स, ‘ॲपडेटा’ आणि पेनड्राइव्ह या सगळ्या वाटा एकाच वेळी मिटतात. खेळाच्या फाइलचे नाव काय आहे याला काहीच महत्त्व उरत नाही, आणि या पद्धतीची खरी ताकद तीच आहे.

‘पॅकेज्ड ॲप’ गटातील मूळ नियम मात्र विसरू नये. पहिल्या गटाचे नियम लागू केले आणि हा गट रिकामा ठेवला, तर या धर्तीची सर्वच ॲप्स बंद पडतात. सेटिंग्ज किंवा कॅल्क्युलेटर उघडेना, स्टार्ट मेनू नीट चालेना, अशा तक्रारी मग सुरू होतात आणि कारण चटकन सापडत नाही.

नियम लिहूनही काहीच अडवले जात नसेल, तर ‘ॲप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सेवा चालू आहे का ते पाहावे. ती चालू नसेल तर ॲपलॉकरचा एकही नियम पाळला जात नाही. विंडोज १० पासून ही सेवा संरक्षित असल्यामुळे ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीतून तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’ करता येत नाही. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एससी कॉन्फिग’ या आज्ञेने ‘ॲपआयडीएसव्हीसी’ या नावाच्या सेवेचा ‘स्टार्ट’ हा घटक ‘ऑटो’ असा करावा लागतो (sc config appidsvc start= auto). ‘मी सगळे केले, तरी खेळ चालतोच’ असे मला जेव्हा सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा हीच सेवा बंद असते.

नियम पहिल्याच दिवशी सक्तीने लागू करू नका. ‘कॉन्फिगर रूल एन्फोर्समेंट’मध्ये ‘ऑडिट ओन्ली’ निवडले, तर काहीही अडवले जात नाही, पण काय अडवले गेले असते याची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ॲपलॉकरच्या नावाखाली होत राहते. वाचक नेहमीप्रमाणे काम करत असताना आठवडाभराने ती नोंद उघडून पाहावी. क्रमांक ८००३ च्या प्रत्येक नोंदीत फाइलचा पूर्ण पत्ता आणि खात्याचे नाव असते. त्यात पेनड्राइव्हवरच्या खेळांबरोबर मराठी टंकलेखनाचा सराव करून घेणारा एखादा प्रोग्रामही दिसू शकतो, कारण तो कोणीतरी थेट वाचकांच्या डेस्कटॉपवर ठेवलेला असतो. तो वाचकांच्या खरोखर उपयोगाचा असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये हलवून ठेवावा, म्हणजे वेगळा नियमही लागत नाही. मगच सक्ती लागू करावी. त्यानंतर प्रत्यक्ष अडवलेल्या प्रोग्रामची नोंद ८००४ या क्रमांकाने होते.

मूळ नियमांत एक फट आहे. ‘विंडोज’ फोल्डर सर्वसाधारणपणे वाचकाला लिहिण्यासाठी बंद असले, तरी त्यातील ‘टेम्प’, ‘टास्क्स’ आणि ‘सिस्टिम३२’मधील छपाईच्या रंगांचे फोल्डर अशा काही जागी स्टँडर्ड खात्यालाही फाइल ठेवता येते. जाणकार विद्यार्थी ही वाट शोधून काढतात. म्हणून दुसऱ्या नियमाच्या ‘एक्सेप्शन्स’मध्ये या जागा घालाव्यात.

आता सभासद-नोंदींच्या प्रोग्रामविषयी, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग हाच आहे. तो ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवलेला असेल, तर पहिल्या नियमामुळे तो वाचकांनाही चालेल; तेव्हा त्या फोल्डरसाठी वाचकांच्या खात्यापुरता ‘डिनाय’ नियम लिहावा. मनाई आणि परवानगी यांचा संघर्ष झाला, तर ॲपलॉकरमध्ये मनाईच टिकते. पण स्थानिक पातळीवर तयार करून घेतलेले असे प्रोग्राम बहुधा थेट सी ड्राइव्हवर स्वतःचे फोल्डर करून बसतात, आणि अशा फोल्डरमध्ये, कोणी वेगळे सांगितले नसेल तर, संगणकावरील प्रत्येक खात्याला फाइल बदलण्याची व पुसण्याची मुभा असते. ॲपलॉकर वाचकाला तो प्रोग्राम चालवू देणार नाही, हे खरे. परंतु त्याच फोल्डरमधील सभासदांची यादी जर एक्सेलच्या फाइलमध्ये असेल, तर ती लिबरऑफिसमध्ये उघडण्यापासून त्याला कोणीच रोखणार नाही. प्रोग्राम अडवणे आणि त्यातील माहिती सुरक्षित ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक त्यांनी वाचनालयावर विश्वास ठेवून दिलेले असतात, म्हणून दुसरे काम मी अधिक महत्त्वाचे मानतो.

त्यासाठी त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ उघडावे, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन वरच्या फोल्डरकडून येणारा परवानग्यांचा वारसा (‘इनहेरिटन्स’) बंद करावा आणि मग यादीत फक्त ‘सिस्टिम’, ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ आणि ग्रंथपालांचे खाते एवढेच ठेवावे. वाचकांच्या खात्यातून ते फोल्डर मग उघडणारच नाही. ग्रंथपालांना तो प्रोग्राम चालवता यावा म्हणून त्यांच्या खात्यापुरता त्या पत्त्याचा परवानगीचा नियमही लिहावा लागेल. नियम लिहिताना प्रकाशकाची डिजिटल सही, फाइलचा पत्ता किंवा फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, असे तीन आधार निवडता येतात. हॅशचा नियम सर्वांत काटेकोर असला, तरी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की तो निरुपयोगी ठरतो. स्वतःहून अद्ययावत होणाऱ्या ब्राउझरसाठी तो मुळीच वापरू नये.

ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजची धोरणे ठरवण्याची सोय, हिच्यातील ‘रन ओन्ली स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स’ हा पर्याय पुष्कळ जण सुचवतात. मी तो सुचवत नाही. तो फक्त फाइलचे नाव पाहतो, त्यामुळे खेळाच्या फाइलला परवानगी असलेल्या प्रोग्रामचे नाव दिले की खेळ सुरू होतो. शिवाय तो फाइल एक्सप्लोररमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रामपुरताच लागू पडतो, कमांड प्रॉम्प्टमधून सुरू केलेल्यांना नाही. घाईत तो सर्व खात्यांना लागू केला, तर ॲडमिनिस्ट्रेटरलाच धोरण बदलण्याची खिडकी उघडता येईनाशी होते.

वाचकांना फक्त ब्राउझर हवा असता, तर ‘किऑस्क’, म्हणजे एका खात्यात एकच ॲप चालू ठेवण्याची सोय, हा सोपा मार्ग होता. ‘सेटिंग्ज’मधील खात्यांच्या विभागातून तो लावता येतो आणि एज ब्राउझर त्यात सार्वजनिक वापराच्या पद्धतीने चालवला, तर काही काळ कोणी काही केले नाही की आधीच्या वाचकाची माहिती पुसून तो नव्याने सुरू होतो. आपल्याला लिबरऑफिसही हवे असल्यामुळे ॲपलॉकरच योग्य ठरेल. होम आवृत्तीत ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ची खिडकीच नसते, म्हणून पुढे दुसरा संगणक घेताना प्रो आवृत्तीच मागावी.

ब्राउझरच्या आत चालणारे खेळ यांपैकी कशानेही थांबणार नाहीत, कारण ॲपलॉकरच्या दृष्टीने तेथे फक्त ब्राउझर चालू असतो. संकेतस्थळे रोखण्यासाठी एज, क्रोम आणि फायरफॉक्स यांची वेगळी धोरणे असतात. पण वाचनालयात ती फार आवळू नयेत, असे माझे मत आहे. परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या मुलीला नेमके त्या परीक्षेचे किंवा शुल्क भरण्याचे पान उघडता आले नाही, तर तिची तारीख निघून जाईल. खेळात वेळ घालवणाऱ्यांसाठी नोंदवहीत नाव लिहून पाळीने बसण्याची पद्धत मला अधिक योग्य वाटते.

कोणी पेनड्राइव्हवरूनच दुसरी प्रणाली सुरू केली, तर विंडोजमधील एकही नियम लागू राहत नाही. म्हणून यूईएफआयला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ व्यवस्थेला, पासवर्ड घालून पेनड्राइव्हवरून सुरू होण्याचा पर्याय बंद करावा आणि डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवणारी ‘बिटलॉकर’ ही सोय चालू करून तिची रिकव्हरी की (अडचणीत डिस्क उघडण्याचा क्रमांक) छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी.

सक्ती लागू झाल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातही डाउनलोड केलेला सेटअप साध्या क्लिकने अडवला जाईल, कारण ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडेपर्यंत विंडोज त्या खात्यालाही मर्यादित अधिकारच देते. तेव्हा नियम चुकले असे समजून ते काढून टाकू नका. उजवे क्लिक करून तो पर्याय निवडा. आणि सगळे मनासारखे चालू लागले की ॲपलॉकरवर उजवे क्लिक करून ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ने नियमांची फाइल काढून ती या संगणकाबाहेर जपून ठेवा, म्हणजे कधी विंडोज नव्याने बसवावे लागले तर ‘इम्पोर्ट पॉलिसी’ने नियम परत आणता येतील, खाती, फोल्डरच्या परवानग्या आणि ‘ॲप्लिकेशन आयडेंटिटी’ सेवा मात्र त्या वेळी पुन्हा हाताने लावावी लागतील, आणि नव्या वाचक व ग्रंथपाल खात्यांची अंतर्गत ओळख वेगळी असल्यामुळे त्यांच्या नावाने लिहिलेले नियमही पुन्हा लिहावे लागतील.