गाड्यांच्या धुरातून पडणारे खत

प्रश्न : नोकरीनिमित्त मी नेदरलँड्समध्ये राहतो. येथील बहुतेक महामार्गांवर दिवसा ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी चालवता येत नाही आणि कारण विचारले की सहकारी ‘स्टिकस्टॉफ’, म्हणजे नायट्रोजन, एवढेच सांगतात. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच असताना त्याचे प्रदूषण कसे होते, आणि त्याचा वेगाशी काय संबंध? (एक वाचक, आइंडहोवन)

उत्तर : हवेतील नायट्रोजन, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत नत्र, जवळजवळ निष्क्रिय असतो. त्याच्या रेणूतील दोन अणूंनी एकमेकांना इतके घट्ट धरलेले असते की निसर्गात ती पकड मुख्यतः वीज कडाडल्याने किंवा हरभरा-तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या रायझोबियमसारख्या जिवाणूंमुळेच सुटते. गाडीच्या इंजिनातही ती सुटते. सिलिंडरमध्ये इंधन जळताना तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि आत ओढलेल्या हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. त्यामुळे इंधन कितीही स्वच्छ केले तरी एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. बाहेर पडल्यावर ओझोनच्या संपर्काने त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, पुढे नायट्रिक आम्ल होते आणि ते पावसाबरोबर किंवा कोरड्या स्वरूपात जमिनीवर उतरते. हवेचा रोध कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने १३० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास ती निम्म्याहूनही कमी लागते, इंजिनावरचा भार उतरतो आणि त्याबरोबर नायट्रिक ऑक्साइडही कमी तयार होतो.

आता हे नत्र जमिनीवर पडल्याने बिघडते काय, हा खरा प्रश्न आहे, कारण आपण तर ते पैसे मोजून शेतात घालतो. आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस असते. याउलट नेदरलँड्समधील वेलुवेसारख्या प्रदेशातील हेदरची माळराने वर्षाला हेक्टरी साधारण ५ ते १५ किलोपर्यंतच नत्र सोसू शकतात. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत सुमारे २० किलो नत्र असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हेक्टरभर माळाला वर्षाकाठी पाऊण गोणीसुद्धा जड जाते हे कळते. हेदर ही निकस, वाळूमय जमिनीत तग धरणारी वनस्पती आहे. तेथे इतरांची उपासमार होते म्हणूनच तिला जागा मिळते. वरून खत पडू लागले की उंच गवते फोफावतात, हेदर त्यांच्या सावलीत गुदमरते आणि तिच्यावर जगणारे कीटकही जातात. आपल्या कासच्या पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती आठवून पाहा. जांभ्यावरील पातळ मातीत नत्र मिळत नाही म्हणूनच त्या किडे पकडून जगतात. अशा जागेची गरिबी हेच तिचे वैभव असते, आणि ‘सुपीकता वाढली’ हे वाक्य तेथे आनंदाने म्हणता येत नाही.

आम्लाचा परिणाम वेगळा आणि अधिक चिवट आहे. ते मातीतील कॅल्शियम धुऊन नेते, कॅल्शियमअभावी गोगलगायी कमी होतात, आणि त्यांच्या शंखांतून कॅल्शियम मिळवणाऱ्या ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटतात. नेदरलँड्समधील जंगलांत ही साखळी संशोधकांनी १९९० च्या दशकात उलगडून दाखवली.

पुढे नत्र घटेल या आशेवर नव्या प्रकल्पांना आजच परवानगी देण्याची तेथील सरकारची योजना २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द ठरवली. बांधकामे अडली, आणि घरबांधणीला थोडी मोकळीक मिळावी म्हणून मार्च २०२० पासून सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेसाठी वेगमर्यादा उतरवण्यात आली. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की तेथील निसर्गावर पडणाऱ्या नत्राचा जवळजवळ निम्मा भाग पशुपालन व शेतीतील अमोनियातून येतो आणि रस्त्यावरील वाहतुकीचा वाटा त्यापेक्षा बराच लहान आहे. तरीही माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण तो दुसऱ्याच दिवशी अमलात आणता येतो.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र अद्ययावत आहे. मग माझ्या गाडीतून असे प्रदूषण होत नाही, असे समजावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीतील धुराची घनता तपासली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत. आपली गाडी केव्हाची आहे, याला येथे अधिक महत्त्व आहे. डिझेल मोटारींसाठी बीएस-४ (‘भारत स्टेज’ हे वाहनांच्या धुराचे मानक) मध्ये या ऑक्साइडांना किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ८० वर आली. ही मर्यादा गाठण्यासाठी अनेक गाड्यांत, विशेषतः ट्रक व बसमध्ये, युरियाचे द्रावण धुरात फवारून या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर केले जाते. आपल्या गाडीत अशी वेगळी टाकी असेल तर ती रिकामी ठेवू नका, आणि खर्च वाचवण्यासाठी ती यंत्रणा बंद करून देतो असे कोणी मेकॅनिक म्हणाला तर त्याला ठाम नकार द्या.